दिल्ली सहकुटुंब पाहताना: लाल किल्ला, मेहरौली आणि मराठ्यांच्या खुणा

पाणवठा (धागाकर्ता)

कामानिमित्त आमचा मुक्काम दिल्लीत असताना महाराष्ट्रातून येणाऱ्या नातेवाइकांना शहर दाखवण्याची जबाबदारी ओघानेच माझ्याकडे येत असे. त्यामुळे सहकुटुंब दिल्लीदर्शनाच्या कार्यक्रमपत्रिका मी पुष्कळ पाहिल्या आणि त्या जवळपास सगळ्या एकाच साच्यातल्या निघाल्या. सकाळी राजघाट, मग लाल किल्ला, दुपारी इंडिया गेट, तेथून बिर्ला मंदिर, लोटस टेंपल, कुतुबमिनार आणि अंधार पडता पडता अक्षरधाम, असा तो साचा असतो. संध्याकाळी मंडळी परत येतात तेव्हा मोबाइल छायाचित्रांनी भरलेला असतो, पण हुमायूनची कबर कोणती आणि सफदरजंगाची कोणती हे त्यांतल्या कोणालाही धड सांगता येत नाही. यात दोष मंडळींचा नाही. शहर ज्या क्रमाने घडले तो क्रम मोडून आणि सगळे अंतर एका दिवसात कोंबून ते पाहिले, तर याहून वेगळे काही होणे अवघडच आहे. म्हणून ज्यांच्याबरोबर शाळकरी मुले आणि वयस्कर आई-वडील अशी दोन्ही टोके असतात, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

पहिला प्रश्न केव्हा जावे हा. आपल्या शाळांच्या सुट्ट्या आणि दिल्लीचे हवामान यांचा छत्तीसचा आकडा आहे. दिवाळीच्या सुट्टीत फटाक्यांच्या धुरात पंजाब-हरियाणात जाळलेल्या पेंढ्याचा धूर मिसळतो आणि दम्याचा त्रास असणाऱ्यांचे हाल होतात. नाताळात दाट धुक्यामुळे गाड्या तासन्‌तास रखडतात, तर मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो. ऑक्टोबरचा पूर्वार्ध आणि फेब्रुवारी-मार्च हे दिवस खरे सुखाचे, पण तेव्हा परीक्षा आडव्या येतात. मुले अजून प्राथमिक शाळेत असतील तर सरळ आठवड्याची रजा टाकून फेब्रुवारीत जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. राष्ट्रपती भवनाचे अमृत उद्यानही बहुधा त्याच सुमारास लोकांसाठी उघडते. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या आधीचे दिवस मात्र टाळावेत, कारण संचलनाच्या आणि ध्वजवंदनाच्या तयारीसाठी कर्तव्यपथ, लाल किल्ला आणि भोवतालच्या रस्त्यांवर निर्बंध असतात.

दुसरा प्रश्न क्रमाचा. दिल्ली ही एक नगरी नसून एकापाठोपाठ एक वसलेल्या राजधान्यांची रांग आहे, आणि सोयीची गोष्ट म्हणजे ही रांग ढोबळमानाने दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते. मेहरौलीचा लालकोट आणि कुतुब परिसर सर्वांत जुना. त्यानंतर अलाउद्दीन खिलजीची सिरी, गियासुद्दीन तुघलकाचे तुघलकाबाद, फिरोजशहाचा कोटला, हुमायून आणि शेरशहा यांचा पुराना किला आणि शेवटी शाहजहानने वसवलेले शाहजहानाबाद, म्हणजे आजची जुनी दिल्ली. ब्रिटिशांनी १९११ च्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून हलवण्याची घोषणा केली आणि १९३१ मध्ये नव्या दिल्लीचे उद्घाटन केले. ती तेवढी क्रम मोडून मध्येच येऊन बसली आहे. त्यामुळे पहिल्या दिवशी मेहरौली, दुसऱ्या दिवशी हुमायूनची कबर व पुराना किला, तिसऱ्या दिवशी लाल किल्ला व चांदणी चौक आणि मग कर्तव्यपथाचा परिसर असे ठरवले, की मुलांना इतिहासाचा क्रम लागतो आणि मोठ्यांची गाडीतली रखडपट्टी वाचते. सोमवारी लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, प्रधानमंत्री संग्रहालय, अक्षरधाम आणि लोटस टेंपल बंद असतात, तर कुतुब परिसर आणि हुमायूनची कबर उघडी असते. तेव्हा सहलीत सोमवार येत असेल तर तो मेहरौलीला द्यावा.

लाल किल्ल्याविषयी थोडे अधिक लिहितो, कारण सर्वाधिक निराशा तेथेच पदरी पडते. लोक सुमारे अडीच किलोमीटर परिघाची ती भव्य तटबंदी बाहेरून पाहतात, लाहोरी दरवाज्यातून आत शिरतात, छत्ता चौकातल्या दुकानांतून बांगड्या आणि लाखेचे दागिने घेतात आणि पलीकडे गेल्यावर हिरवळीत तुरळक विखुरलेले महाल पाहून विचारतात, ‘एवढेच?’ हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मुलांना आत शिरण्यापूर्वीच द्यावे. १६३९ ते १६४८ या काळात बांधलेल्या या किल्ल्यात एकेकाळी महाल, अंगणे, जनानखाना आणि बागा यांची दाटी होती. १८५७ चा उठाव मोडल्यावर ब्रिटिशांनी आतल्या बहुतेक इमारती पाडल्या आणि सैन्यासाठी दगडी बराकी उभ्या केल्या. आपण जी मोकळी हिरवळ पाहतो ती पाडापाडीनंतर उरलेली जागा आहे, हे एकदा कळले की तिथले रिकामेपणच बोलू लागते. महालांच्या मागून पूर्वी यमुना वाहत असे. आता नदी दूर सरकली आहे आणि तटाखालून रिंगरोड जातो.

दोन गोष्टींपाशी मुलांना आवर्जून थांबवावे. खास महालात संगमरवराची एक कोरीव जाळी आहे आणि तिच्या वरच्या भागात न्यायाचा तराजू कोरलेला आहे. चंद्रकोरीवर तोललेली त्याची दोन्ही पारडी स्पष्ट दिसतात. या जाळीखालून, महालाच्या मधोमध, पाण्याचा पाट वाहत असे. दुसरी गोष्ट दिवाण-ए-खासच्या खांबांवर आहे. खांबांजवळ जाऊन पाहिले तर फुलांच्या पाकळ्यांमध्ये जागोजाग बारीक खळगे दिसतात. रंगीत मौल्यवान खडे कोरून काढल्याच्या त्या खुणा आहेत. नादिरशहाने १७३९ मध्ये मयूरासन येथून नेले, आणि पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत या वास्तूवर अनेकांचे हात फिरले.

त्या हातांत आपलेही होते. मराठी कुटुंबाने दिल्ली पाहताना वगळू नये असा धागा मला येथे दिसतो. १७३७ च्या वसंतात थोरले बाजीराव मोगल सेनापतींना हुलकावणी देऊन थेट दिल्लीच्या वेशीवर आले. रामनवमीच्या सुमारास कालिकादेवीची जत्रा भरली होती, तेथे त्यांचे सैन्य उतरले, आणि त्यानंतर तालकटोऱ्याजवळ चालून आलेल्या मोगल फौजेला मार देऊन ते परतले. शहर जाळण्याचा विचार आपण का सोडला, याचा खुलासा त्यांनी चिमाजीअप्पांना लिहिलेल्या पत्रात केला आहे. बादशहाला पुरते बुडवण्यात फायदा नाही, उलट त्याने राजकारणाचा दोर तुटतो, असा त्याचा मथितार्थ आहे. ती कालिकादेवी म्हणजे आजचे कालकाजी मंदिर, आणि तालकटोऱ्याला आज उद्यान व क्रीडागृह आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच क्रीडागृहात भरले होते.

पुढे १७६० च्या ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंनी लाल किल्ला घेतला आणि फौजेचा पगार भागवण्यासाठी दिवाण-ए-खासच्या छताची चांदी काढून तिची नाणी पाडली. आज वर दिसणारे छत लाकडी, रंगवलेले आहे. पानिपतच्या तोंडावर खजिन्याची काय अवस्था होती, हे समजण्यासाठी त्या छताखाली उभे राहण्याइतका चांगला धडा नाही.

आई-वडिलांना बरोबर नेणाऱ्यांनी आपापले अनुभव येथे जरूर लिहावेत. पायऱ्या, बसण्याच्या जागा आणि जेवण याविषयीची माहिती सर्वांनाच उपयोगी पडेल.

ग्वाल्हेरकर

उत्तम धागा, पाणवठा. आपण १७६० पाशी थांबलात, पण मराठ्यांची दिल्ली खऱ्या अर्थाने सुरू होते ती पानिपतनंतर, आणि ती महादजी शिंद्यांची आहे. आमच्या गावाशी संबंध असल्याने मी पक्षपाती आहे असे कोणी म्हटले तरी चालेल.

बादशहा दुसरा शाहआलम अलाहाबादेस इंग्रजांच्या आश्रयाने राहत होता. त्याला १७७२ च्या जानेवारीत मराठ्यांनी दिल्लीच्या तख्तावर परत आणून बसवले. १७८४ मध्ये पेशव्यांच्या नावाने वकील-ए-मुतलक हे सर्वोच्च पद मिळाले आणि त्याचा प्रत्यक्ष कारभार महादजींच्या हाती आला. महादजी दूर असताना १७८८ मध्ये गुलाम कादिर रोहिल्याने लाल किल्ला ताब्यात घेऊन बादशहाचे डोळे काढले. ते कृत्य लाल किल्ल्यातच झाले. त्यानंतर महादजींच्या फौजेने राणेखानाच्या नेतृत्वाखाली दिल्ली सोडवली, पळालेल्या गुलाम कादिराला पकडले आणि त्याला देहान्त शासन दिले. हा राणेखान म्हणजे पानिपतावर जखमी झालेल्या महादजींना वाचवणारा भिस्ती. महादजी त्याला भाऊ मानीत. मुलांना गोष्ट सांगायचीच असेल तर या माणसाची सांगावी.

आता स्थळाविषयी. हा शाहआलम लाल किल्ल्यात किंवा हुमायूनच्या कबरीत पुरलेला नाही. त्याची कबर मेहरौलीत ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकींच्या दर्ग्याला लागून असलेल्या जफर महालाच्या आवारात आहे. शेजारी त्याचा मुलगा दुसरा अकबर आहे, आणि शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर याने स्वतःसाठी राखून ठेवलेली जागा तशीच रिकामी आहे, कारण इंग्रजांनी त्याला रंगूनला धाडले आणि तो तेथेच वारला. कुतुबमिनार पाहायला येणाऱ्या हजारोंपैकी फारच थोडे लोक इथवर येतात. गल्ली अरुंद आहे, वाट विचारत जावे लागते आणि वास्तूची अवस्थाही फारशी चांगली नाही. तरीही ज्या बादशहाच्या नावाने शिंद्यांनी उत्तर हिंदुस्थानचा कारभार केला, त्याची साधी कबर पाहिल्यावर अठराव्या शतकाचा उत्तरार्ध पुस्तकापेक्षा लवकर उलगडतो.

ही सत्ता संपली ती ११ सप्टेंबर १८०३ रोजी, यमुनेपलीकडे पटपडगंजच्या लढाईत. त्या दिवशी जनरल लेकने शिंद्यांच्या कवायती पलटणींचा पराभव केला. त्या पलटणींचे नेतृत्व लुई बुर्कें या फ्रेंच अधिकाऱ्याकडे होते. त्या लढाईचा स्मृतिस्तंभ आज नॉयडातल्या गोल्फ मैदानाच्या आवारात आहे. तेथे मुद्दाम जावे असे मी कोणाला सुचवणार नाही.

अंगतपंगत

माझे सासू-सासरे दोघेही पंचाहत्तरीच्या पुढचे आहेत आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे पाणवठा यांनी विचारलेल्या मुद्द्यांवरच लिहिते.

लाल किल्ल्यात चालणे फार आहे, हे आधी लक्षात घ्यावे. मेट्रोच्या लाल किला स्थानकापासून तिकीटखिडकी, तेथून सुरक्षा तपासणीची रांग, मग दरवाजा, छत्ता चौक, नौबतखाना, दिवाण-ए-आम आणि त्यामागे महाल, असे सरळ रेषेतले अंतर तरुणांना जाणवत नाही, पण ज्येष्ठांना नौबतखान्यापाशीच थकवा येतो. आम्ही सकाळी दरवाजे उघडताच आत गेलो, नौबतखान्याच्या सावलीत बराच वेळ बसलो आणि दिवाण-ए-आमच्या पुढे सासऱ्यांना नेले नाही. त्यांनी तेथेच बादशहाच्या बैठकीमागच्या भिंतीतले पक्ष्याफुलांचे जडावकाम निवांत पाहिले. त्यात ऑर्फियस या ग्रीक गवयाचे चित्र आहे. १८५७ नंतर ही जडावाची चित्रे लंडनला गेली होती आणि लॉर्ड कर्झनच्या काळात परत आली, हे तिथल्या मार्गदर्शकाने सांगितले तेव्हा सासरे म्हणाले, ‘म्हणजे काही वस्तू परतही येतात.’

हुमायूनची कबर ज्येष्ठांना तुलनेने सोपी वाटते, फक्त मुख्य चौथऱ्यावर चढण्याच्या पायऱ्या उंच आणि खड्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी त्या चढू नयेत. खालच्या चारबागेतून ती इमारत अधिक चांगली दिसते, असे मला प्रामाणिकपणे वाटते. प्रवेशद्वारातून आत आल्याबरोबर उजव्या हाताला ईसाखान नियाझीची अष्टकोनी कबर लागते. ती हुमायूनच्या कबरीहून जुनी आहे, आटोपशीर आहे आणि तेथे गर्दी कमी असते. समोरच्या ‘सुंदर नर्सरी’ नावाच्या उद्यानात बसायला बाक, स्वच्छतागृहे आणि खाण्याची सोय आहे. मुलांना धावायला मोकळी जागा मिळते आणि म्हाताऱ्या माणसांना ऊन खात बसता येते. आमच्या सबंध सहलीत सर्वांत कमी भांडणे त्या दुपारी झाली.

जेवणाविषयी एकच सांगते. उत्तरेकडचे तेलकट-मसालेदार खाणे दोन दिवसांनंतर ज्येष्ठांना नकोसे होते. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या नव्या महाराष्ट्र सदनाच्या उपाहारगृहात वरण-भात, भाकरी मिळाली की घरातले वातावरण पुन्हा निवळते. जुनी दिल्ली मात्र खाल्ल्याशिवाय पाहिली असे होत नाही. हिवाळ्यात गेलात तर सकाळी किनारी बाजाराच्या बाजूला दौलत की चाटचे खोमचे दिसतात. दूध घुसळून काढलेला केशरी छटेचा फेस, त्यावर खव्याचा चुरा आणि पिठीसाखर, आणि हे सगळे एका द्रोणात. चमचा तोंडात जातो तोवर फेस विरलेला असतो. ऊन चढले की विक्रेते दिसेनासे होतात.

चौकस

धागा माहितीपूर्ण आहे, पण एका गोष्टीवर माझा आक्षेप आहे. मराठी कुटुंबाने दिल्ली पाहायची ती मराठ्यांच्या खुणा शोधण्यासाठी, असा सूर येथे लागतो आहे. अठराव्या शतकातल्या स्वाऱ्यांपेक्षा विसाव्या शतकातल्या दिल्लीशी आपले नाते अधिक जवळचे आहे. २६, अलीपूर मार्ग या पत्त्यावरच्या घरात ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. त्या जागी उघड्या पुस्तकाच्या आकाराचे राष्ट्रीय स्मारक उभे राहिले आहे. ते २०१८ मध्ये खुले झाले. सिव्हिल लाइन्स मेट्रो स्थानकापासून ते जवळ आहे, आणि तरीही सहल कंपन्यांच्या बसगाड्या तिकडे फिरकत नाहीत. महाराष्ट्रातून गेलेल्या कुटुंबाने राजघाटाला वेळ द्यावा आणि अलीपूर मार्गाला देऊ नये, याचे कारण मला समजत नाही.

राजघाटाबाबतही माझे असेच मत आहे. ती समाधी आहे, तेथे शांतता आहे, पण मुलांना समजून घ्यावे असे काही पाहायचे असेल तर तीस जानेवारी मार्गावरची गांधी स्मृती पाहावी. तेव्हाच्या बिर्ला भवनातील आपल्या खोलीपासून प्रार्थनेच्या जागेपर्यंत गांधीजी ज्या वाटेने ३० जानेवारी १९४८ रोजी चालत गेले, त्या वाटेवर त्यांच्या पावलांचे ठसे उमटवलेले आहेत. ते ठसे जेथे संपतात तेथे बारा-तेरा वर्षांची मुले आपोआप प्रश्न विचारू लागतात. गांधीहत्येच्या खटल्याचे कामकाज लाल किल्ल्यात चालले होते, आणि आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरचा १९४५-४६ चा खटलाही तेथेच झाला होता. किल्ल्यातल्या ब्रिटिशकालीन बराकींकडे केवळ विद्रूप बांधकाम म्हणून पाहू नये, असे सुचवावेसे वाटते.

सातासमुद्रापार

आमची मुले अमेरिकेत जन्मलेली, वय वर्षे अकरा आणि चौदा. भारतभेटीत पुण्याहून आजी-आजोबांसह दिल्लीला गेलो होतो, म्हणून दोन उपयोगाच्या गोष्टी. परदेशी नागरिकांना स्मारकांचे तिकीट कितीतरी पटींनी महाग असते, परंतु ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओळखपत्र) असेल तर राष्ट्रीय स्मारके आणि संग्रहालयांत भारतीयांच्याच दराने प्रवेश मिळतो. त्यासाठी कार्ड प्रत्यक्ष जवळ ठेवावे. पंधरा वर्षांखालील मुलांना पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत तिकीट लागतच नाही, तरी वयाचा पुरावा खिशात असलेला बरा.

दुसरी गोष्ट म्हणजे मुलांचे कुतूहल आपण ठरवलेल्या जागी जागे होत नाही. आमच्या मुलांना कुतुबमिनारापेक्षा त्याच्या आवारातल्या लोहस्तंभाने खिळवून ठेवले. गुप्तकाळातला सुमारे सव्वासात मीटर उंचीचा, सहा टनांहून अधिक वजनाचा लोखंडी खांब सोळाशे वर्षे उघड्यावर उभा राहूनही गंजत का नाही, हा प्रश्न त्यांना शाळेतल्या रसायनशास्त्राशी जोडता आला. लोखंडातल्या फॉस्फरसच्या जास्त प्रमाणामुळे पृष्ठभागावर एक संरक्षक थर तयार होतो, हे समजल्यावर धाकटा त्या कठड्यापासून हलेना. पूर्वी लोक पाठीमागून हात नेऊन स्तंभाला मिठी मारत असत. तो प्रकार थांबवण्यासाठी भोवती कुंपण घातले, हे आजोबांनी त्याला सांगितले, कारण त्यांनी स्वतः तरुणपणी मारली होती.

आणखी एक. लाल किल्ल्यात थोरलीने विचारले, ‘शिवाजी महाराज पेटाऱ्यातून निसटले ते इथूनच का?’ बऱ्याच घरांत हा गोंधळ असतो असे दिसते.

पाणवठा (धागाकर्ता)

सातासमुद्रापार, आपल्या कन्येचा प्रश्न मला पाहुण्यांकडून वारंवार ऐकावा लागला आहे, आणि तो नेहमी मुलेच विचारतात असेही नाही. महाराज औरंगजेबाच्या दरबारात गेले ते १२ मे १६६६ रोजी, आग्र्याच्या किल्ल्यात. कैद आणि सुटका या दोन्ही गोष्टी आग्र्याच्या आहेत. महाराजांचा अश्वारूढ पुतळाही आग्र्याच्या किल्ल्याबाहेर, अमरसिंह दरवाज्यासमोर आहे. तेव्हा ज्यांना ती कथा जागेवर सांगायची आहे त्यांनी सहलीत आग्रा धरावे आणि ताजमहालाइतकाच वेळ किल्ल्याला द्यावा. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, आणि हजरत निजामुद्दीनहून सुटणारी गतिमान एक्सप्रेसही शुक्रवारी धावत नाही. इतर दिवशी त्या गाडीने सकाळी निघून रात्री परतता येते, पण ज्येष्ठांना ही दगदग झेपत नाही. एक रात्र आग्र्यात काढणे उत्तम.

चौकस, अलीपूर मार्गाविषयी आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे आणि ते स्मारक उत्तर दिल्लीत असल्यामुळे लाल किल्ल्याच्याच दिवशी दुपारनंतर सहज बसते. मराठ्यांच्या खुणांविषयी मात्र मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. त्या खुणा अभिमानाने मिरवण्यासाठी पाहाव्यात असे मी सुचवलेले नाही. चांदीचे छत आपल्याच लोकांनी उतरवले, आणि ते सुरजमल जाटासारख्या मित्रालाही रुचले नाही, हे त्या छताखाली मुलांना सांगणे मला आवश्यक वाटते. आपल्या पाठ्यपुस्तकांत अटकेपार झेंडे असतात, पण त्या झेंड्यांचा खर्च कसा भागवला जात होता हे क्वचितच असते. शिवाय दुसऱ्या कोणत्याही प्रांतातून आलेल्या प्रवाशाला ही गोष्ट तेथील फलकांवरून कळणार नाही. ती घरातल्या मोठ्यांनीच सांगावी लागते.

ग्वाल्हेरकर, जफर महालाचा पत्ता दिल्याबद्दल मनःपूर्वक आभार. मी त्यात एवढेच जोडतो की मेहरौलीच्या दिवशी कुतुब परिसर सकाळी लवकर उरकून जफर महाल आणि पुरातत्त्व उद्यानातली राजों की बावली ही दोनच ठिकाणे घ्यावीत. मिनारावर चढण्याची आशा मुलांना दाखवू नये. १९८१ मध्ये आतल्या जिन्यात चेंगराचेंगरी होऊन ४५ जणांचा मृत्यू झाला, त्यात शाळकरी मुलेही होती, आणि तेव्हापासून आतला जिना बंद आहे. आवारातला अलाई मिनार मात्र मुलांना जरूर दाखवावा. कुतुबमिनाराच्या दुप्पट उंच बांधायचा म्हणून अलाउद्दीन खिलजीने तो सुरू केला आणि त्याच्या मृत्यूनंतर पहिल्याच मजल्यावर काम थांबले.

घाटमाथा

आम्ही साताऱ्याहून जात आहोत. माझ्या वडिलांची फार दिवसांची इच्छा पानिपत पाहण्याची आहे. दिल्लीहून एका दिवसात जाऊन येणे त्यांना जमेल का, आणि तेथे पाहण्यासारखे नक्की काय आहे, हे कोणी सांगेल का? दत्ताजी शिंदे पडले तो बुराडी घाटही वाटेत लागतो का?

ग्वाल्हेरकर

घाटमाथा, अवश्य जमेल. पानिपत दिल्लीपासून साधारण ९० किलोमीटरवर आहे आणि राष्ट्रीय महामार्ग ४४ जुन्या ग्रँड ट्रंक रस्त्याच्याच मार्गाने जातो. गाडी सकाळी सात वाजायच्या आत शहराबाहेर पडली पाहिजे. त्यानंतर उत्तर दिल्लीतून बाहेर पडण्यातच बराच वेळ जातो.

१४ जानेवारी १७६१ च्या लढाईचे स्मारक गावाबाहेर काला आंब येथे आहे. आवार राखलेले आहे, मध्ये स्मृतिस्तंभ आहे आणि वडिलांना सावलीत बसता येईल. मात्र आपल्या मनातल्या पानिपताएवढे भव्य असे तेथे काही नाही, याची कल्पना त्यांना आधी द्यावी. भोवती सपाट, हिरवी शेते आहेत आणि तीच खरी पाहण्याची वस्तू आहे. डोंगर नाही, खिंड नाही, आडोसा नाही. गनिमी काव्याला सरावलेल्या फौजेला या भूमीवर का झगडावे लागले, ते सातारच्या माणसाला वेगळे सांगावे लागणार नाही. १४ जानेवारीला तेथे महाराष्ट्रातून बरेच लोक येतात, हरियाणातील रोड समाजाची मंडळीही जमतात, कारण ते स्वतःला पानिपतानंतर तिकडेच राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात. त्या दिवशी गेलात तर त्यांच्याशी जरूर बोलावे, पण जानेवारीतल्या धुक्यात महामार्गावर गाडी फार सावकाश चालवावी लागते.

बुराडी आता दिल्लीच्याच उत्तर टोकाची दाट वस्ती आहे. १० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी तेथे यमुनेच्या काठी पडले, पण वडिलांना घेऊन त्या गल्ल्यांतून नदी शोधत फिरणे योग्य नाही. महामार्गावर लागण्यापूर्वी उजव्या हाताला तो परिसर येतो, तेव्हा गाडीतूनच त्यांना दाखवावा.

अंगतपंगत

वाटेत सोनिपतच्या अलीकडे-पलीकडे मुरथलचे ढाबे लागतात आणि प्रत्येक चालक तेथे थांबायला उत्सुक असतो. परतीच्या वाटेवर थांबावे. जाताना थांबलात तर तंदुरी पराठा, त्यावर पांढऱ्या लोण्याचा गोळा आणि मोठा पेला लस्सी, एवढे पोटात गेल्यावर मुले आणि आजोबा दोघेही गाडीत झोपतात, आणि काला आंबला पोहोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलेले असते.